जुळलेल्या भुवया

माझ्या सासूबाईंच्या भुवया नाकाच्या मुळाशी एकमेकींना जाऊन मिळाल्या होत्या. पार्लरची पायरी त्या आयुष्यात कधी चढल्या नव्हत्या. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी धीर करून विचारलं होतं, "अहो आई, एकदा थ्रेडिंग करून देऊ का? मला येतं." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "कशाला गं? मला दिसतंय की नीट." तो विषय मी पुन्हा काढला नाही. पुढे आम्हाला मुलगी झाली, आणि तिच्या इवल्याशा कपाळावर त्याच भुवयांची पुसट रेघ उमटलेली पाहून मात्र मला हसू आलं होतं.

त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे जर्मनीत, इंगोलश्टाटला आल्या. पहिल्यांदाच आल्या, आणि गुडघ्यांची अवस्था बघता बहुधा शेवटच्या. सासरे गेल्यापासून त्या फार गप्प झाल्या होत्या. फोनवर "जेवलात का" आणि "थंडी आहे का" यापलीकडे गाडी जायची नाही. मुलगी तेव्हा सात वर्षांची, दुसरीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते जर्मनमध्ये. आजी म्हणजे तिच्या दृष्टीने पडद्यावरचा एक चेहरा होता, आणि तोही सहसा अर्धाच, कारण सासूबाईंना फोन कुठे धरावा ते कधी जमलं नाही. मला त्या तीन महिन्यांत राजवाडे दाखवायचे नव्हते की आल्प्सला न्यायचं नव्हतं. या दोघींची गट्टी जमावी, एवढंच हवं होतं. ती या वेळी जमली नाही तर कधीच जमणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि ती जमलीसुद्धा. पहिले तीन आठवडे तर माझा विश्वास बसेना. एक मराठीत बोलायची, दुसरी जर्मनमध्ये, आणि कुणाचं काही अडायचं नाही. आम्ही आजीची कॉट मुलीच्याच खोलीत टाकली होती. सकाळी उठवायला जावं तर मुलीचा पलंग रिकामा आणि आजीच्या रजईतून दोन डोकी बाहेर. मी सीटांच्या कंपनीत काम करते. गाडीची सीट बसताना, उठताना, खड्ड्यात कुठे करकरते का, हे दिवसभर कान लावून ऐकायचं, हा माझा धंदा. घरी आल्यावर मात्र मी कान बंद करून टाकायची, कारण घर कसं अगदी सुरळीत चाललं होतं.

मग एके दिवशी मुलीने आपली उशी उचलली आणि आमच्या खोलीत आणून टाकली. जेवताना ती आजीच्या शेजारची खुर्ची सोडून समोर बसायला लागली. आजीने वेणी घालायला जवळ बोलावलं की "नाइन, डांके," म्हणून दोन पावलं मागे. नको, धन्यवाद. सख्ख्या आजीला धन्यवाद. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी तिला बाथरूममध्ये नेऊन बजावलं, की असं वागायचं नाही, आजी किती लांबून आली आहे. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

तीनचार दिवसांनी सासूबाई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या होत्या. वर न बघता त्यांनी मला विचारलं, "माझ्या अंगाला काही वास येतो का गं?"

मला कळेचना. "कसला वास?"

"म्हातारपणाचा. असतो एकेकाला. आपला आपल्याला येत नाही. पोरगी जवळ येत नाही म्हणून विचारलं."

मी "काहीतरीच काय, आई" असं म्हणाले खरी, पण त्या दिवसापासून त्या सकाळसंध्याकाळ दोनदा अंघोळ करायला लागल्या, आणि कपाटातल्या साड्यांत मी ठेवलेल्या लॅव्हेंडरच्या पिशव्या काढून पदराला चोळायला लागल्या. ते पाहून माझा जीव तुटायचा.

अखेर एका रविवारी सकाळी, मुलीचे केस धुताना, ते बाहेर आलं. डोळ्यांत फेस जाऊ नये म्हणून तिने ते घट्ट मिटले होते, त्यामुळेच कदाचित तिला धीर आला असावा. ती बोलली जर्मनमध्ये, मी इथे मराठीत लिहिते आहे.

"आई, माझ्या भुवया पूर्ण कधी जुळतील?"

"का गं?"

"मग मी पण वेअरवोल्फ होईन ना. आजीसारखी."

वेअरवोल्फ म्हणजे लांडगा होणारा माणूस. हे 'वेअर' म्हणजे फार जुन्या भाषेतला 'माणूस', आणि आपल्या 'वीर'शी त्याचं लांबचं नातं आहे, हे नवऱ्याने नंतर मोठ्या उत्साहाने शोधून मला सांगितलं. त्या क्षणी मला व्युत्पत्तीत रस नव्हता. मी शॉवर बंद केला आणि विचारलं, "आजी वेअरवोल्फ आहे असं तुला कुणी सांगितलं?"

कुणी नाही. तिने आपलं आपणच ताडलं होतं, आणि पुरावे बिनतोड होते. एक, भुवया मधे जुळलेल्या असल्या की तो माणूस वेअरवोल्फ असतो. दोन, लांडगा होण्याआधी तो कमरेला एक पट्टा बांधतो. आजी रोज संध्याकाळी बाल्कनीत जाण्यापूर्वी कमरेला पट्टा बांधते की नाही? गेनाऊ, अगदी बरोबर. आणि तिसरं सगळ्यात भयंकर. त्या दिवशी आजी सकाळपासून जेवली नव्हती. अंधार पडल्यावर पट्टा बांधून बाल्कनीत जाऊन उभी राहिली, समोरच्या पार्किंगवरून चंद्र वर येईपर्यंत हलली नाही, आणि चंद्र दिसल्याबरोबर हात जोडून काहीतरी पुटपुटत आत आली आणि एवढं जेवली.

ऑक्टोबरातली संकष्टी चतुर्थी होती ती. सासूबाईंची संकष्टी चाळीस वर्षांत चुकली नव्हती. दिवसभर चहा आणि एखादं केळं, आणि चंद्र बघितल्याशिवाय जेवण नाही. पट्टा त्यांना कमरेच्या डॉक्टरांनी दिलेला, वेल्क्रोचा. उभं राहायचं असलं की त्या तो चर्रकन ओढून आवळायच्या. आणि आमच्या घरात कुणी मुलीला संकष्टी म्हणजे काय हे सांगितलंच नव्हतं. मी स्वतः उपास करत नाही, नवरा मोदकांपुरता श्रद्धाळू.

मी हसले. हसायला नको होतं. तिचा चेहरा एकदम मिटला. सावरून घ्यायला म्हणून मी वाद घालायला लागले, "अगं, पण ते पौर्णिमेला होतात ना? हा चंद्र तर पौर्णिमेनंतर चार दिवसांचा होता."

"आजी म्हातारी आहे," ती म्हणाली. "तिला चार दिवस जास्त लागतात."

"आणि म्हणून तू तिला घाबरतेस?"

तिने जोरजोरात मान हलवली. घाबरत नव्हती. आजी चांगली आहे. पण आजी दिवसभर उपाशी राहून स्वतःला आवरते, आणि आपण अगदी जवळ गेलो तर तिला ते आणखी अवघड जाईल. म्हणून लांब राहायचं. आजीला मदत व्हावी म्हणून. मी तिला ओल्या केसांसकट मिठीत घेतलं, माझा कुर्ता चिंब झाला, आणि बाथरूममध्ये मी तिच्यावर आवाज चढवला होता त्याची मला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

मी तिला संकष्टी समजावून सांगितली. गणपती, उंदीर, चंद्र त्याला हसला, त्याने चंद्राला शाप दिला, वगैरे. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चंद्राचा शाप. म्हणजे तेच."

पट्ट्याची आणि भुवयांची माहिती कुठून आली हे मात्र मला लगेच कळलं. मंगळवारी आणि गुरुवारी मला यायला उशीर व्हायचा, म्हणून शाळा सुटली की मुलगी खालच्या मजल्यावरच्या ओमांकडे थांबायची. सासूबाई आल्यावरही ही पद्धत आम्ही मोडली नव्हती. ओमा म्हणजे जर्मनमध्ये आजीच. त्या मूळच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातल्या, लग्न होऊन इकडे दक्षिणेत आलेल्या. साठ वर्षं इथे काढूनही इथल्या लोकांच्या दृष्टीने त्या परक्याच होत्या, आणि हे त्या आम्हाला अगदी बरोबरीच्या नात्याने सांगायच्या. मी तणतणत खाली गेले. मुलगी माझ्यामागे आली.

"सात वर्षांच्या मुलीला अशा गोष्टी सांगतात का?" मी दारातच विचारलं.

"मला पाचव्या वर्षी सांगितल्या होत्या," ओमा म्हणाल्या. "बसा. कॉफी घेणार?"

माझा राग अशा लोकांपुढे टिकत नाही. मी बसले. ओमांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेली गोष्ट मलाही सांगितली. एक जोडपं गवत कापायला कुरणावर जातं. नवरा म्हणतो, आलोच, आणि झुडपांमागे जातो. थोड्या वेळाने एक लांडगा येतो आणि बायकोच्या अंगावर धावतो. ती ओरडते, दाताळं उगारते, लांडगा तिचा लाल परकर फाडून पळून जातो. नवरा परत येतो, तिची विचारपूस करतो. संध्याकाळी जेवताना तो हसतो, तर त्याच्या दातांत लाल धागे. गोष्ट इथे संपते. ती बाई पुढे काय करते हे ओमांच्या आजीने सांगितलं नव्हतं.

"आमच्याकडे लांडगे नव्हतेच उरले," ओमा म्हणाल्या. "माझ्या पणजीनेसुद्धा पाहिला नव्हता. पण ही गोष्ट सगळ्या बायका सांगायच्या. माझे वडील युद्धावरून परत आले तेव्हा मी सहा वर्षांची होते. ते ताट फेकायचे, टेबलाखाली जाऊन बसायचे. आई आम्हाला म्हणायची, घाबरू नका, बाबांनी पट्टा बांधलाय, काढतील."

मला माझ्या लहानपणी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी आठवल्या. नवरात्रात त्यांच्या अंगात यायचं. केस मोकळे सोडून त्या घुमायला लागल्या की माझी आई, जी एरवी त्यांना कपाची दांडी तुटल्यावरून बोलायची, तीच त्यांची ओटी भरून पाया पडायची. दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीसारख्या कामाला हजर. घरच्या माणसात एकाएकी कुणी भलतंच दिसायला लागलं की काय करायचं, हा प्रश्न इथेही होता आणि तिथेही. आम्ही हात जोडले, यांनी गोष्टी रचल्या. मी हे ओमांना माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, आणि त्या बराच वेळ मान डोलावत होत्या.

मग मुलीने मुद्द्याचं विचारलं. "पट्टा काढतात कसा?"

"सांगणार होते, पण तू त्या दिवशी अर्ध्यावरच वर पळालीस," ओमा म्हणाल्या. "त्याला नावाने हाक मारायची. बाप्तिस्म्याला ठेवलेल्या नावाने, टोपणनावाने नाही. तीनदा. नाव ऐकलं की तो परत माणूस होतो. पण हाक मारणाऱ्याने ती न घाबरता मारली पाहिजे."

"तुमच्या आईने मारली?"

"रोज मारायची," ओमा म्हणाल्या. "कधी उपयोग व्हायचा, कधी नाही."

जिना चढताना मुलीने मला विचारलं, आजीचं नाव काय? मी सांगितलं. व्हिसाचा फॉर्म मीच भरला होता, त्यामुळे पासपोर्टवरचं नाव, स्पेलिंगसह, मला तोंडपाठ होतं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की हे नाव मी मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारते आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली होती.

वास येत नाही, एवढं मी सासूबाईंना परत परत सांगितलं होतं. खरं कारण सांगायची हिंमत झाली नव्हती. भुवयांचा विषय एकदा काढून बसले होते, आणि आता त्यांना "तुमची नात तुम्हाला लांडगा समजते" हे कुठल्या तोंडाने सांगायचं? बोलू बोलू म्हणता नोव्हेंबरची संकष्टी आली.

इंगोलश्टाटला नोव्हेंबरात डोनाऊ नदीवरून धुकं चढतं ते दिवसदिवस उतरत नाही. त्या दिवशी तर समोरच्या पार्किंगमधल्या गाड्याही दिसत नव्हत्या. दुपारी नवऱ्याने ऑफिसमधून फोन केला, "आई, पुण्यात चंद्र उगवला. फोटो आलाय ग्रुपवर. जेवून घे."

"तो पुण्यातल्यांसाठी," सासूबाई म्हणाल्या. "मी इथे आहे ना."

साडेसातला फोनवरच्या अ‍ॅपने चंद्र उगवल्याचं सांगितलं. आकाश कापसासारखं पांढुरकं, बाकी काही नाही. सासूबाईंनी पट्टा आवळला, शाल घेतली, बाल्कनीत जाऊन उभ्या राहिल्या. आठ वाजले. नवरा म्हणाला, "आई, ढग असले की वेळेवर नैवेद्य दाखवलेला चालतो, गुरुजींनाच विचारलंय मी." त्या म्हणाल्या, "पाच मिनिटं बघते." त्यांचे ओठ सुकले होते आणि एका हाताने त्यांनी कठडा घट्ट धरला होता. मी मोदकांचं पातेलं उगीचच झाकत होते, उघडत होते.

मुलगी सोफ्यावरून उठली. मोजे घातलेल्या पायांनी ती बाल्कनीच्या दारापर्यंत गेली, दोन्ही मुठी वळल्या, आणि आजीचं पासपोर्टवरचं नाव घेऊन तिने खणखणीत हाक मारली. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

नवरा उडालाच. "ए! आजीला असं नावाने हाका मारतात का?"

सासूबाई वळल्या. गोंधळून, पण नेहमीच्याच चेहऱ्याने त्यांनी आधी नातीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. पट्टा जागच्या जागी होता, भुवया जुळलेल्याच होत्या. मुलगी एक क्षण वाट बघत राहिली, आणि मग तिने जो हंबरडा फोडला तो आजतागायत माझ्या कानात आहे. एरवी तिला समजूत घालायला जवळ घेतलं की ती शांत व्हायची. त्या दिवशी ती कुणाला हात लावू देईना. "जमलं नाही," एवढंच ती जर्मनमध्ये म्हणत होती. "जमलं नाही."

मग मात्र मला सगळं सांगावंच लागलं. तिथेच, बाल्कनीच्या उघड्या दारात, धुकं घरात येत असताना. भुवया, पट्टा, चंद्र, ओमांची गोष्ट, आणि पोरगी का लांब राहत होती ते. नवरा "आई, ती लहान आहे, मनावर घेऊ नकोस" असं मधेमधे म्हणत होता. माझं संपल्यावर सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे माझा वास येत नव्हता?"

"नाही हो आई. तुम्हाला सोपं जावं म्हणून लांब राहत होती ती."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग अगदी व्यवहारी आवाजात म्हणाल्या, "आणि नाव कुठलं लागतं म्हणालीस?"

"बाप्तिस्म्याचं. म्हणजे आपलं बारशाचं."

"मग हे कसं चालेल? हे लग्नातलं आहे. तांदळात लिहिलेलं."

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघतच राहिलो. एकोणिसाव्या वर्षी, ताटातल्या तांदळात सासऱ्यांनी अंगठीने गिरवलेलं ते नाव होतं, आणि आम्ही त्यालाच त्यांचं नाव समजत होतो. नवरा म्हणाला, "आई, मला कधी बोलली नाहीस. मामासुद्धा तुला ताईच म्हणतात."

"धाकटे आहेत ना, म्हणून ताई. नावाने माझी आई हाक मारायची. ती गेली तेव्हा तू रांगत होतास." मग म्हणाल्या, "आणि कुणी विचारलं नाही रे."

लग्नाआधी मी जाहीर करून टाकलं होतं की माझं नाव बदलायचं नाही. घरात कुरबुर झाली, तेव्हा सासूबाईच पुढे होऊन म्हणाल्या होत्या, "राहू दे तिचं तिला." त्या काळाबरोबर चालणाऱ्या आहेत, असं मी मैत्रिणींना कौतुकाने सांगितलं होतं. नऊ वर्षांत माझ्या डोक्यात कधी आलं नाही की त्यांना आधी काय म्हणत असतील. आपण स्वतःला समजतो तेवढ्या शहाण्या नसतो, हे मला त्या दारात उभं असताना कळलं, आणि फार वाईट वाटलं.

सासूबाई कठड्याला धरून हळूहळू खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. त्या नातीच्या उंचीला आल्या आणि तिच्या कानात काहीतरी बोलल्या. मुलीचं रडणं थांबलं. तिने डोळे पुसले, एक पाऊल मागे घेतलं आणि हाक मारली. साधं, दोन अक्षरी, जुनं नाव. मी ते इथे लिहीत नाही, ते त्या दोघींचं आहे.

"ओ," सासूबाई म्हणाल्या.

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. खेळता खेळता घरून बोलावणं आलं की मुली देतात तसा. मुलीने बोटांवर मोजून दुसऱ्यांदा हाक मारली, मग तिसऱ्यांदा, आणि प्रत्येक वेळी तशीच ओ आली. तीन बोटं पुरी झाल्यावर नियमाप्रमाणे काम झालं म्हणून ती थांबली, आणि सरळ जाऊन आजीच्या गळ्यात पडली.

सासूबाईंनी तिला तशीच धरून ठेवली. तिच्या खांद्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अगं, 'परत एकदा' याला यांच्यात काय म्हणतात?"

"नॉखमाल," मी सांगितलं.

त्यांनी मुलीला जरा दूर धरलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नॉखमाल."